दोन वर्षांत एक नांगर

आपल्या वर्गातले निम्मे लोक वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथे कधी ना कधी नोकरीला होते, काही अजून आहेत. उरलेल्यांपैकी बरेच माझ्यासारखे पुण्या-बंगळुरात सॉफ्टवेअरमध्ये गेले. त्यामुळे नवे प्रॉडक्ट बाजारात आणणे म्हणजे काय, हे या स्मरणिकेच्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीवर लिही, असे संपादक मंडळाने सांगितले तेव्हा मी लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव घेतले. शाळेत त्यांच्यावर एक धडा असता तर बरे झाले असते, असे मला नोकरीत वीस वर्षे काढल्यावर वाटू लागले आहे. त्यांच्याबद्दल आपल्याला माहीत असते ते पंपामुळे. मला मात्र त्यांच्या पहिल्या नांगराची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, कारण तो नांगर विकला जात नव्हता.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्करही याच गावचे. अभ्यासात लक्ष्मणचे मन नव्हते, चित्रे काढण्यात आणि यंत्रे खोलण्यात होते. मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेला आणि दोनेक वर्षांत लक्षात आले की आपल्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत. ज्याला चित्रकार व्हायचे आहे त्याच्यासाठी याहून वाईट बातमी नसेल. पण रेषा येत होती. यंत्रांच्या रेखाचित्रात रंगांचे काम पडत नाही. ते शिकून तो मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिक्षक झाला.

तिथे असतानाच मुंबईत सायकली दिसू लागल्या होत्या. थोरले बंधू रामूअण्णा बेळगावात. धाकट्याने मुंबईहून सायकली पाठवायच्या आणि थोरल्याने त्या विकायच्या, असा धंदा दोघा भावांनी सुरू केला. किर्लोस्कर ब्रदर्स हे नाव त्या दुकानाचे आणि साल १८८८ मानले जाते. सायकल ७०० ते १००० रुपयांना मिळत असे, आणि चालवायला शिकवण्याचे वेगळे १५ रुपये. मला हे १५ रुपये फार आवडतात. त्या काळात एवढी मोठी रक्कम मोजून माणूस पडायला तयार होत नाही. शिकवणारा बरोबर असेल तरच वस्तू घरी जाते, हे या दोघांना कोणत्याही एमबीएशिवाय कळले होते. आमच्याकडे त्याला ऑनबोर्डिंग म्हणतात आणि त्यासाठी वेगळी टीम ठेवतात.

इन्स्टिट्यूटमध्ये बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला जागा दिली गेली. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले. दुकान चालू होतेच. सायकलींबरोबर परदेशी पवनचक्क्यांची एजन्सीही घेतली. पण दुसऱ्याने बनवलेले विकण्यात त्यांचे समाधान होईना. काही मोजक्या यंत्रांवर त्यांनी छोटी कार्यशाळा थाटली आणि कडबा कापायचे यंत्र बनवले. त्यामागोमाग लोखंडी नांगर.

मराठवाड्यातल्या मुलांना नांगर म्हणजे काय हे सांगायला नको, पण आता आपली पोरे हे वाचतील म्हणून थोडे सांगते. लाकडी नांगर जमीन चिरतो, उलटत नाही. काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा माजला की त्याची मुळे खोल असतात. लाकडी नांगर वरून जातो आणि पहिल्या पावसात हरळी पुन्हा डोके काढते. लोखंडी नांगराला बाजूला वळवलेले पाते असते. ते मातीची वडी कापून पालथी घालते, मुळे उन्हात उघडी पडतात आणि वाळून जातात. काम उघड उघड चांगले होते. यंत्र म्हणून त्यात खोट काढायला जागा नव्हती.

तरीही पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली. लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती, हे कारण लक्ष्मणरावांच्या प्रत्येक चरित्रात येते. ते खरेच आहे. पण पुढचे वाक्य बहुधा असे असते की अडाणी शेतकऱ्यांच्या अंधश्रद्धेवर त्यांनी जिद्दीने मात केली, आणि इथे माझे मत वेगळे पडते.

एक तर ही समजूत फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत चार्ल्स न्यूबोल्ड नावाच्या माणसाने १७९७ मध्ये ओतीव लोखंडाच्या नांगराचे पेटंट घेतले. तिथल्या गोऱ्या शेतकऱ्यांनीही हेच म्हटले: लोखंडाने जमीन नासते आणि तण वाढते. न्यूबोल्डचा नांगर चालला नाही. तो एकसंध ओतलेला होता, एक कोपरा तुटला की सगळाच टाकून द्यावा लागे. पुढे जेथ्रो वूडने १८१९ मध्ये वेगवेगळे भाग बदलता येतील असा नांगर आणला, तेव्हा गाडी पुढे सरकली. म्हणजे विषाची भीती तोंडावर होती, पण पोटात दुसराच प्रश्न होता: मोडला तर काय?

हाच प्रश्न बेळगावच्या शेतकऱ्याला लावून पाहा. लाकडी नांगर गावातला सुतार करून द्यायचा. त्याला रोख पैसे नाहीत, सुगीला बलुते. ऐन नांगरटीत काही मोडले तर सुतार त्याच दिवशी दुरुस्त करणार, कारण त्याचे धान्य त्याच खळ्यावर ठरणार आहे. फाळ बोथटला तर लोहार शेवटून देणार. ओतीव लोखंड मात्र ठिसूळ असते. ते लोहाराच्या भट्टीत तापवून ठोकता येत नाही, ठोकले तर तुटते. म्हणजे गावातला एकही माणूस नव्या नांगराला हात लावू शकत नाही. वर तो रोखीने घ्यायचा. आणि नांगरट वर्षातून एकदाच, उन्हाळ्यात, मृगाच्या आधी. नांगर चांगला की वाईट हे पुढच्या पिकाला कळणार. चूक झाली तर घरातले एक वर्ष जाणार.

आम्ही सॉफ्टवेअरवाले दर पंधरा दिवसांनी नवे काहीतरी रिलीज करतो आणि चुकले तर रात्रीत मागे घेतो. शेतकऱ्याला ती सोय नव्हती. एका वर्षात एकच प्रयोग, तोही स्वतःच्या पोटावर. अशा माणसाला पहिला होकार द्यायला दोन वर्षे लागली तर मला ती अंधश्रद्धा वाटत नाही, हिशेब वाटतो. माझे आजोबा फुलंब्रीकडे कोरडवाहू शेती करायचे. नवीन बियाणे आले की ते पहिल्या वर्षी घ्यायचे नाहीत. शेजाऱ्याच्या बांधावर उभे राहून बघायचे. त्यांना कोणी मागासलेले म्हटलेले मला चालणार नाही.

या बांधावरून बघण्यावर पुढे मोठे संशोधन झाले आहे. अमेरिकेच्या आयोवा राज्यात संकरित मका शेतकऱ्यांनी कसा स्वीकारला याचा ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी १९४३ मध्ये अभ्यास मांडला. नव्या बियाण्याची बातमी बहुतेकांना विक्रेत्याकडून कळली होती, पण निर्णय मात्र शेजाऱ्यांकडे पाहून झाला होता. आजही कंपन्यांमधल्या ट्रेनिंगमध्ये ही गोष्ट वेगवेगळ्या रंगांच्या स्लाइडवर येते. आम्हाला एका ट्रेनिंगमध्ये लोकांना पटवण्याच्या युक्त्यांची यादीच दिली होती: आकडे दाखवा, स्वप्न दाखवा, सल्ला मागा, मोबदला द्या, वरच्याचे नाव घ्या. मी ती यादी घेऊन लक्ष्मणरावांच्या नांगराकडे पाहिले तर त्यातले फार थोडे त्यांच्या हातात होते. शेतकरी त्यांचा नोकर नव्हता, त्यामुळे हुकूम चालत नव्हता. आकडे दाखवायला कोणाचेच पीक आलेले नव्हते. सरकार त्यांच्या पाठीशी नव्हते.

आणि सायकलीच्या वेळची शिकवणीही इथे उपयोगाची नव्हती. सायकल कशी चालवायची हे लक्ष्मणरावांना येत होते, गिऱ्हाइकाला येत नव्हते. नांगराचे उलटे होते. जो विकत घेणार तोच त्या विषयातला जाणकार, आणि विकणारा जे. जे.मधून आलेला ड्रॉइंग मास्तर. स्वतःपेक्षा जास्त जाणणाऱ्याला विकणे हा धंद्यातला सगळ्यात अवघड प्रकार आहे, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात उपयोगाचाही, कारण असे गिऱ्हाईक वस्तू सुधारून घेते. लक्ष्मणराव दोन वर्षे त्याच नांगरापाशी थांबले, ते सोडून पुन्हा नुसत्या सायकली विकत बसले नाहीत, याला मी त्यांचे पहिले मोठे नेतृत्व म्हणेन. तेव्हा त्यांच्या मागे चालणारे कोणी नव्हते, हे मान्य.

नांगर हळूहळू जायला लागला, तेवढ्यात बेळगावची जागा सुटली. नगरपालिकेच्या निर्बंधांमुळे कारखाना तिथून हलवण्याची वेळ आली. वय चाळिशीचे, अंगावर संसार, राधाबाई आणि मुले, आणि यंत्रे ठेवायला जागा नाही. या ठिकाणी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी गोष्टीत येतात. ते १९०९ मध्ये गादीवर आले होते. स्वतः चित्रकार, सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते, संस्थान छोटे पण मन मोठे. रंग न ओळखणारा चित्रकार आणि गादीवर बसलेला चित्रकार यांची ओळख जमली, यात मला तरी काही आश्चर्य वाटत नाही. बाळासाहेबांनी १० हजार रुपयांचे कर्ज दिले आणि कुंडल रोड नावाच्या रेल्वे स्टेशनाजवळ ३२ एकर जमीन मिळाली. जमीन म्हणजे निवडुंग, दगड आणि साप. पाणीही धड नाही.

१९१० च्या मार्चमध्ये तिथे पहिली माणसे उतरली. टाटांचे जमशेदपूर उभे राहत होते त्याच सुमाराची ही गोष्ट, फक्त पैशाचा आकडा कित्येक शून्यांनी कमी. त्या माळाचे नाव पुढे किर्लोस्करवाडी पडले.

बरोबर कोण होते ते पाहण्यासारखे आहे, कारण कोणत्याही एचआर विभागाने ही टीम नाकारली असती. रामूअण्णांनी वसाहतीची आखणी आणि कारभार पाहिला: घरे, रस्ते, झाडे, पाणी. शंभोराव जांभेकर यंत्रे आणि कारखाना सांभाळत. मंगेशराव रेगे हिशेबाला. के. के. कुलकर्णी यांचे शिक्षण अर्धवट राहिलेले. ते विक्री आणि कायद्याची कामे बघू लागले. अनंतराव फळणीकर शाळा सोडलेले. त्यांच्या डोक्यातून यंत्रांच्या नव्या कल्पना निघत. आणि पहाऱ्याला तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. हे दोघे दरोड्यांत शिक्षा झालेले. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले होते त्या काळात, लक्ष्मणरावांनी साऱ्या वाडीच्या किल्ल्या या दोघांच्या भरवशावर ठेवल्या. त्यांनी तो भरवसा राखला. पुढे १९३९ मध्ये याच औंध संस्थानात स्वतंत्रपूरची खुली कैदीवसाहत झाली, जिच्यावरून शांतारामबापूंना ‘दो आँखें बारह हाथ’ सुचला. वाडीतला प्रयोग त्याच्या जवळजवळ तीस वर्षे आधीचा.

वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा नियम होता. इथे लक्ष्मणरावांनी विनंती वगैरे केलेली नाही, बंदीच घातली. आम्हाला शिकवतात की नेता एक तर हुकूम देणारा असतो नाहीतर सगळ्यांना विचारून चालणारा. लक्ष्मणरावांचे आयुष्य बघताना मला ते दोन्ही दिसतात आणि कुठे कोणते वापरायचे याची त्यांची निवड दिसते. फळणीकरांसारख्या माणसाने यंत्र कसे करावे हे ते सांगत बसले नाहीत. पाणवठ्यावर कोणी कोणाला अडवायचे नाही, हे मात्र मताला टाकले नाही. माझ्या पाहण्यातले बहुतेक वरिष्ठ नेमके उलटे करतात: कोडमधल्या प्रत्येक ओळीवर हुकूम, आणि माणसांनी एकमेकांशी कसे वागावे याबद्दल मौन. मी एका कंपनीत अशा माणसाच्या हाताखाली चार वर्षे काढली. तिचे नाव इथे लिहीत नाही, आपल्या वर्गातले दोघे अजून तिथे आहेत.

तरी सगळेच गोड नव्हते. ज्याचा कारखाना त्याचीच घरे, त्याचाच रस्ता, त्याचेच पाणी, अशा गावात मालकाला नाही म्हणणे किती जणांना जमत असेल? लक्ष्मणरावांनी औंधचे दिवाणपदही काही काळ सांभाळले. म्हणजे संस्थानाचा कारभारही तेच आणि संस्थानातला सगळ्यात मोठा कारखानदारही तेच. आज अशा गोष्टीला कोणी परवानगी देणार नाही, आणि ते योग्यच आहे. मालक भला होता म्हणून ते निभावले. व्यवस्था भली होती असे म्हणवत नाही.

पहिले महायुद्ध सुरू झाले आणि विलायती माल येणे आटले. कच्च्या लोखंडाची आणि कोळशाची वाडीलाही टंचाई झाली, पण बाहेरचे नांगर येत नाहीत म्हटल्यावर इथल्या नांगराकडे लोकांची नजर वळली. तोपर्यंत बांधावरून बघणाऱ्यांचे बघून झालेले होते. मागणीसाठी वाट बघत दोन वर्षे काढणाऱ्याला आता माल पुरवता पुरवता नाकी नऊ आले. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्सची मर्यादित कंपनी झाली.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट झाली जी मला नांगराइतकीच मोठी वाटते. ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे छोटे पत्रक निघाले. पुतणे शंकरराव, म्हणजे शंवाकि, त्याचे संपादक. ते स्वतः चित्रकार आणि व्यंगचित्रकार. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकापर्यंत नेणे हा मूळ हेतू. आज आम्ही त्याला न्यूजलेटर म्हणतो आणि उघडून न बघता डिलीट करतो. हे मात्र लोक वाचू लागले, इतके की जाहिरात मागे पडली आणि मासिक पुढे आले. त्यातून ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, १९३० मध्ये ‘स्त्री’ आले, १९३४ मध्ये ‘मनोहर’. सावरकरांचे विज्ञाननिष्ठेवरचे लेख ‘किर्लोस्कर’मध्येच येत. लोखंडाने जमिनीला विष चढते या समजुतीशी गाठ पडलेल्या कारखान्यातून पुढे महाराष्ट्रभर रूढींची चर्चा करणारी मासिके निघावीत, हा निव्वळ योगायोग नसावा. आपल्यापैकी अनेकांच्या आज्यांच्या ट्रंकेत ‘स्त्री’चे जुने अंक सापडतील. त्यातल्या किती जणींना ठाऊक असेल की त्याचे मूळ नांगराच्या प्रचारपत्रकात आहे?

पुढचा काळ आपल्याला जास्त माहीत आहे, म्हणून भरभर सांगते. थोरले चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत एमआयटीला शिकून १९२६ मध्ये परतले. त्याच वर्षी वाडीत पाण्याचा सेंट्रिफ्युगल पंप तयार झाला. १९४१ मध्ये हरिहरला यंत्रे बनवणारी यंत्रे करायचा कारखाना, १९४६ मध्ये पुण्याला ऑइल इंजिने. मराठवाड्यात विहिरीवरच्या इंजिनाच्या फटफट आवाजात मोठे झालेले लोक आपल्या वर्गात आहेत. त्यांना कंपनीचे नाव वेगळे सांगायला नको.

१९४८ मध्ये गांधीहत्येनंतर ब्राह्मणांविरुद्ध दंगली उसळल्या तेव्हा किर्लोस्करवाडीवरही जमाव चालून आला आणि कारखान्याला आग लावली गेली. लक्ष्मणरावांचे वय तेव्हा ७८. अस्पृश्यता बंद केलेले गाव जातीच्या नावाने जळावे, यावर काय लिहायचे ते मला कळत नाही. कारखाना पुन्हा उभा राहिला. तोवर पुढच्या पिढीने सूत्रे हातात घेतली होती.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. १९६९ मध्ये, जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. बेळगावात त्यांचे दुकान होते त्या रस्त्याला किर्लोस्कर रोड म्हणतात. पुण्याहून मिरजेला जाणाऱ्या रेल्वेने गेलात तर मिरजेच्या अलीकडे किर्लोस्करवाडी स्टेशन लागते. कुंडल रोड तेच.